पट्टीची पाचर

त्या दिवसापासून मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसायचीच बाकी आहे. आमच्या घरात कुऱ्हाडी बोलतात, असं आमचे हे वर्षानुवर्षं सांगत आले आणि मी हसण्यावारी नेत आले. आता हसू येत नाही.

हे कारखान्यात लेथ चालवतात. आठवडाभर लोखंड कातूनही ह्यांची हौस फिटत नाही. सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्याकडून गंजलेल्या हातकुऱ्हाडी उचलून आणायच्या आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांना ‘माणसात आणायचं’. माझी कपडे भिजवायची बादली व्हिनेगर ओतून पळवली ती कायमची. त्यात बुडलेलं पातं दुसऱ्या दिवशी काळंभोर होऊन बाहेर येतं. मग तारेचा ब्रश, मग कानस. धार कधीही मशीनच्या चाकावर लावायची नाही, तापून पोलादाचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं म्हणून. एवढी हळुवार वागणूक घरात आणखी कोणाला मिळत नाही.

पण खरी मजा ओळखण्यात. पातं ओतीव की घडीव, धारेला वेगळी पोलादाची पट्टी जोडलीय का, ठशाची कुठली अक्षरं शिल्लक आहेत, हे सगळं बघून झालं की हे मालकाचं वर्णन सांगायला लागतात. डावखुरा होता, तापट होता, कुऱ्हाडीच्या पाठीने खिळे ठोकायचा मूर्खासारखा. समोर मी असले तर मला, नाहीतर भिंतीला. आळशी मालकावर तर ह्यांचा विशेष राग. गंज दिसला की ह्यांची जीभ सुटते.

त्या रागाचं मूळ घरातच होतं. ह्यांचे वडील वखारीत लाकडं तोडायचे. ऐन उमेदीत त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि त्याच वखारीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून निम्म्या पगारात बसले. धडधाकट माणूस दिवसभर खुर्चीत. घर चालेना म्हणून ह्यांना शाळा सोडून लेथवर उभं राहावं लागलं. त्याचा डंख गेला नाही. वडील वारले तेव्हा ह्यांनी रजा घेतली ती अर्ध्या दिवसाची. मी लग्न होऊन आले ती त्यानंतर. सासऱ्यांबद्दल मी ह्या घरात एकच शब्द ऐकला, आळशी. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोच म्हणायच्या.

परवा ती जुनी वखार पाडली. भंगारवाल्याने गोणीभर लोखंड आणलं, त्यातली एक कुऱ्हाड ह्यांनी उचलली. माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण, आईंना भेटायला आली होती. ताई आणि मी दारात चहा घेत उभ्या, आणि ह्यांचं सुरू झालं.

"हा दांडा बघ. मूठ कशी गुळगुळीत झालीय. कसलेला हात आहे. धारसुद्धा अंगठ्याने चाचपून लावलेली, काय सुरेख आहे. आणि इथे, पात्याच्या खाली बघ."

दांडा तिथे नुसता चेचला होता. चारी बाजूंनी घाव.

"लाकूड चुकून दांडाच आपटलाय. एकदा नाही, शंभरदा. नवशिका म्हणावं तर हात कसलेला. म्हणजे बुवा, ह्याला दिसत नव्हतं. ह्याच्या हातात कुऱ्हाड देणाऱ्याला आत टाकायला पाहिजे."

एवढं बोलून ह्यांनी करवत घेतली आणि दांडा कापला. आधी कापायचं, मग विचार करायचा, ही ह्यांची पद्धत. पात्यात अडकलेला तुकडा ठोकून बाहेर काढला, तशी दांडा घट्ट बसावा म्हणून त्याच्या डोक्यात ठोकलेली पाचर निसटून फरशीवर पडली. लाकडाची चपटी पाचर. तिच्यावर इंचाच्या रेघा होत्या, आणि कोपऱ्यात एक जळकं भोक.

ताईंनी कप खाली ठेवला. "ही माझी शाळेतली पट्टी आहे," त्या म्हणाल्या. "दोरा ओवायला मी तापल्या सुईने भोक पाडलं होतं. हरवली म्हणून आईने मला चोपलं होतं."

ह्यांच्या हातातली हातोडी तशीच राहिली. वखार, कुऱ्हाड, पट्टी. कुऱ्हाड सासऱ्यांचीच होती.

"मी प्रगतिपुस्तक नेलं की बाबा म्हणायचे, तूच मोठ्याने वाच, मला कंटाळा आलाय," ताई पुटपुटल्या. "कंटाळा आलाय म्हणायचे रे."

मला एकदम आठवलं, नवी सून असताना मी मधल्या खोलीतलं स्टूल हातभर सरकवलं होतं, तर आई किती कडाडल्या होत्या. या घरात वस्तू जागच्या हलवायच्या नाहीत. अजूनही हलत नाहीत.

हे दांडा घेऊन आत गेले. आम्ही मागोमाग. आई खिडकीशी बसल्या होत्या. ह्यांनी दांडा त्यांच्या मांडीवर ठेवला. आईंनी चेचलेल्या जागेवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "कापलास कशाला?"

"आई, बाबांना दिसत नव्हतं?"

"आधी कडेचं दिसेना. मग समोरचं. एकदा जोडीदाराचा हात थोडक्यात वाचला, त्या दिवशी त्यांनी कुऱ्हाड ठेवली. फाटकावरची नोकरी मिळाली ती कोणाला कळलं नाही म्हणून. आळशी पहारेकरी वखारीला चालतो. आंधळा चालत नाही. मला म्हणाले, तू मला आळशी म्हणत जा, चारचौघांत म्हण. जीभ वळायची नाही सुरुवातीला."

मी आईंकडे बघत राहिले. ह्या बाईने नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडाने खराब केलं आणि तो गेल्यावरही शब्द फिरवला नाही.

"मला तरी सांगायचं," हे म्हणाले. आवाज ह्यांचा वाटत नव्हता.

"मी म्हटलं होतं, पोराला सांगू या. ते नको म्हणाले." आई दांड्याकडेच बघत होत्या. "तू फाटकाशी उभा राहून त्यांच्यावर ओरडायचास ना, अख्ख्या वखारीला ऐकू जायचं. म्हणून तर लोकांना खरं वाटलं. ते म्हणायचे, त्याचं चाललंय तसं चालू दे, त्याच्यामुळेच माझी नोकरी टिकलीय."

हे खाली फरशीवर बसले. दांड्याचं कापलेलं टोक दोन्ही हातांत धरून बसले, आणि चहा पार गार झाला तरी उठले नाहीत.