सातपैकी सात चुका

बोनेट कुठलं आणि डिकी कुठली, हे मला लग्नानंतर अडतीस वर्षांनी नीट समजलं. आणि समजल्यावर तासाभरातच एक गाडी अशी भेटली जिच्यात दोन्ही उलट होतं. तेव्हापासून माझा गाड्यांवर थोडा राग आहे आणि बरंच कुतूहलही आहे.

झालं असं, की आमच्या मुलीने बंगलोरहून वडिलांच्या सत्तरीची भेट म्हणून एक सहल बुक केली होती. इंदूरच्या आसपासची स्पोर्ट्‌स कारची तीन खासगी म्युझियम, दिवसभर आपली गाडी, आपला गाइड, नाश्ता-जेवणासकट, आणि माणसं दोनच. मला तर इंदुरात अशी म्युझियम आहेत हेच ठाऊक नव्हतं. बुकिंग केलं तेव्हा यांना उजव्या डोळ्याने थोडंफार दिसत होतं. दिवाळीपर्यंत काचबिंदूने तेही नेलं.

हे पीथमपूरला ट्रकच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. खोट काढायचा पगार घेतला, आणि घरी तीच सेवा आयुष्यभर फुकट दिली. धुतलेल्या ताटावर बोट फिरवून बघणार, पोळीचा काठ जाड आहे म्हणणार, भिंतीवरचं कॅलेंडर एका बाजूला कललंय हे दारातूनच सांगणार. मी कितीदा तरी हात जोडून म्हटलं असेल, अहो, घरात तरी ड्यूटी संपवा. स्पोर्ट्‌स कारचं वेड मात्र कधीपासूनचं आहे ते कुणालाच माहीत नाही. आयुष्यभर ट्रक तपासले, स्वतः छोटी हॅचबॅक चालवली आणि गाड्यांची मासिकं मात्र पाठ केली.

डोळे गेले तशी ही सगळी कटकट थांबली. कटकट थांबली की बरं वाटेल असं मला वाटायचं, पण तसं झालं नाही. दिवसभर खुर्चीत बसायचे. हं, नको, चालेल, एवढंच बोलायचे. कशाबद्दल काही विचारायचे नाहीत. एक दिवस भाजीत मीठ घालायला मी साफ विसरले आणि हे मुकाट्याने जेवून उठले. त्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून रडले. माणूस समोर बसलाय आणि तरी घरात नाही, याची मला भीती वाटायला लागली होती.

सहलीचं म्हटल्यावर म्हणाले, "म्युझियम बघायचं असतं. मी काय करू येऊन?"

"मग मी जाते एकटी," मी फणकाऱ्याने म्हटलं. वाटलं होतं, निदान हसतील.

"जा," म्हणाले.

मी गेले. सकाळी शेजारच्या वहिनींना यांच्यापाशी बसवलं, यांची वही आणि पेन पर्समध्ये टाकलं आणि सुदामा नगरच्या आमच्या गल्लीतून निघाले. गाइड चाळिशीचा, गोलमटोल, इथलाच मराठी माणूस होता. पहिल्या पाच मिनिटांतच त्याने मला काकू करून टाकलं.

"काका नहीं आए? अरे, टूर तर त्यांच्याच नावाने बुक आहे ना?"

मी कारण सांगितलं. त्याने गाडीचं दार उघडून दिलं. मग म्हणाला, "कोई बात नहीं. मैं तुम्हाला असं दाखवतो की घरी जाऊन तुम्हीच काकांना दाखवाल." पोहे खाऊन आम्ही उज्जैन रोडला लागलो.

पहिलं म्युझियम म्हणजे शेतातलं एक लांबलचक पत्र्याचं शेड. आत एसीचा असा गारवा, की मला वाटलं इथे गाड्या नाहीत, आइसक्रीम असेल. एका व्यापाऱ्याच्या हौसेच्या बारा गाड्या, प्रत्येकीवर मऊ कापडाची खोळ. फाटकापाशी लाकडाच्या दोन फळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. मी विचारलं, ह्या कशाला? तर म्हणे गाड्या इतक्या बुटक्या आहेत की बाहेरचा स्पीड ब्रेकर त्यांना लागतो. म्हणून गाडी निघताना पुढे फळ्या टाकायच्या आणि गाडी गेली की उचलायच्या.

"मग चालवतात तरी कधी?"

"संडेला, पहाटे पाच वाजता. काकू, इंदूरका ट्राफिक उठने के पहले."

हसू आलं, पण मी ते वहीत लिहून घेतलं. गाइडने खिशातून फ्रिजवर लावतात तसलं चुंबक काढलं आणि एका चंदेरी गाडीच्या दाराला लावलं. चुंबक घसरून त्याच्या तळहातात पडलं. पत्रा लोखंडाचा नाही, ॲल्युमिनियमचा. वजन कमी व्हावं म्हणून. मग मी त्याच्याकडून चुंबक मागून घेतलं आणि तीन गाड्यांना लावून पाहिलं. एकीला चिकटलं, दोघींना नाही. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी चुंबक घेऊन गाड्यांमागे फिरत होते आणि मला खरंच मजा येत होती.

एका पिवळ्या गाडीचं मागचं झाकण गाइडने उघडून दाखवलं. मी सामान ठेवायची जागा शोधायला वाकले, तर आत इंजिन.

दुपारी महूकडे जाताना एका ढाब्यावर जेवायला थांबलो, तेव्हा मी घरी फोन लावला. एसी, फळ्या, पहाटे पाचची फेरी, सगळं उत्साहाने सांगितलं. प्रत्येक गोष्टीला पलीकडून "हं" येत होतं. माझा धीर सुटत चालला होता. शेवटी मी म्हटलं, "आणि अहो, एका गाडीची डिकी उघडली तर आत इंजिन!"

"डिकी नाही ती," हे म्हणाले. "इंजिन मागे असलं तर डिकी पुढे असते. मागे असतं ते इंजिनचं झाकण."

आणि फोन बंद केला. पंधरा शब्द. मी तिथे दाल-बाटीच्या ताटासमोर बोटांवर मोजले. कित्येक आठवड्यांत हे एका दमात इतकं बोलले नव्हते, आणि बोलले कशासाठी, तर माझी चूक काढायला.

कारखान्यातली एक गोष्ट हे नेहमी सांगायचे. सकाळी लाइन सुरू झाली की चांगल्या मालात एक खराब पीस मुद्दाम सोडायचा. इन्स्पेक्टर जागा असला तर तो पीस पकडणार. सुटला, तर त्या दिवशी तपासणीवर भरवसा ठेवायचा नाही. ते आठवलं आणि मी वहीचं नवं पान काढलं. मधोमध रेघ मारली. डावीकडे बरोबर लिहायचं, उजवीकडे चूक.

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. पर्यायांचा प्रश्न काढताना बरोबर उत्तर लिहायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो चुकीच्या उत्तरांना, कारण ती खरी वाटायला हवीत. नर्मदा हिमालयातून निघते असं लिहिलं तर ढ पोरगंसुद्धा फसत नाही. म्हणजे यांना पटेल अशी चूक करायची तर मला आधी बरोबर काय ते कळायला हवं होतं. त्या दुपारी मी गाइडला भंडावून सोडलं.

महूजवळचं म्युझियम शर्यतीच्या गाड्यांचं होतं. त्यांच्या चाकांना चार-पाच नट नव्हते, मधोमध एकच मोठा नट होता. का? चाक पटकन बदलता यावं म्हणून. मग तो चालताना सुटत नाही? नाही, कारण डाव्या बाजूच्या आणि उजव्या बाजूच्या नटांचे आटे उलटसुलट असतात, म्हणजे चाक फिरताना नट सैल होत नाही. मी ते हाताने फिरवून दाखवायला लावलं. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद का? डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या एका पांढऱ्या परदेशी गाडीची किल्ली स्टीअरिंगच्या डावीकडे का? तर पूर्वी शर्यत सुरू होताना ड्रायव्हर रस्त्याच्या पलीकडून धावत यायचे, गाडीत उडी मारायचे, डाव्या हाताने किल्ली फिरवायचे आणि उजवा हात गिअरवर तयार असायचा. एवढ्याने किती वेळ वाचतो? पापणी लवेपर्यंतचा. मला ते फार आवडलं. पापणी लवेपर्यंतच्या वेळासाठी किल्लीची जागा बदलणारी माणसं यांच्याच जातकुळीतली.

"काकू, सच बताओ, तुम्हाला गाडी घ्यायची आहे का?" गाइडने घाम पुसत विचारलं.

मी त्याला बेत सांगून टाकला. तो आधी खो खो हसला, मग गंभीर झाला, आणि त्यानंतर चुका निवडायला मला मदत करायला लागला. "हे नको, हे काका लगेच ओळखतील. ये वाला रखो."

तिसरं म्युझियम विजय नगरला, एका नव्या इमारतीच्या तळघरात. काळी चकचकीत फरशी, छतातून दिव्यांचे झोत, आणि मधोमध एक लाल गाडी. तिच्यात पाहुण्यांना बसू देतात. मी बसले. उठताना गाइडला हात द्यावा लागला.

साडेपाचला घरी आले. हे पुढच्या खोलीत त्याच खुर्चीत होते. मी चहा ठेवला, यांच्या हातात कप दिला आणि समोर बसून सहज बोलल्यासारखं सुरू केलं.

"शर्यतीच्या गाड्यांचे पुढचे टायर काय रुंद असतात हो! वळायला बरं पडत असेल."

कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. "मागचे," हे म्हणाले. "मागचे रुंद असतात. जोर मागच्या चाकांना असतो."

"असेल. आणि चाकाला एकच नट, तोही दोन्ही बाजूंना सारखाच घट्ट करायचा."

"सारखा कसा असेल? एका बाजूचा सुटून जाईल! कोण सांगत होता हे?"

"गाइड."

"काय माणूस आहे! पैसे घेतो ना?"

मला त्या बिचाऱ्या गाइडबद्दल वाईट वाटलं, पण मी थांबले नाही. वहीतली नावं सांगत चंदेरी गाडी लोखंडी पत्र्याची होती म्हटलं, पांढरीची किल्ली उजवीकडे होती म्हटलं. यांचा आवाज चढत गेला. चहा निवला. पाठ खुर्चीपासून सुटली, हात हवेत गिअर टाकायला लागले. सहावी चूक सांगितली तेव्हा तर हे उभेच राहिले. मला आत इतका आनंद होत होता की चेहरा सरळ ठेवायला कष्ट पडत होते, आणि चेहरा सरळ ठेवायची काही गरजच नव्हती, हेही माझ्या लक्षात राहत नव्हतं.

सातवी चूक लाल गाडीच्या इंजिनाची. ती दुरुस्त केली आणि यांचे हवेतले हात खाली आले. चाचपडत खुर्चीत बसले.

"सात," म्हणाले.

"काय सात?"

"सात गोष्टी सांगितल्यास. सातच्या सात चुकल्या. एवढी ढ तू नाहीस. चुकूनसुद्धा एखादी बरोबर यायला हवी होती." मग म्हणाले, "सातपैकी सात चुकायचं म्हणजे आधी सातही बरोबर यायला पाहिजेत."

दिवसभर मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते. आता वाटलं, आंधळ्या माणसाला आपण बनवलं. हे पुन्हा त्या "हं"मध्ये गेले तर परत बाहेर काढायला माझ्याकडे काहीच उरलेलं नव्हतं. मी "अहो, तसं नाही," म्हणून काहीतरी पुटपुटले.

"मग आता खरं सांग," हे म्हणाले. "त्या लाल गाडीत बसलीस?"

"बसले."

"कसं वाटलं?"

"फार खाली. रस्त्यावर पाट टाकून बसल्यासारखं. आणि..." मला सांगायची लाज वाटत होती, "मी चप्पल बाहेर काढून आत बसले. लक्षातच आलं नाही. उतरले तेव्हा फरशीवर जोड व्यवस्थित ठेवलेला."

हे हसले, मोठ्याने. शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून दारात डोकावून गेल्या.

"लाल म्हणजे कुठला लाल?" यांनी विचारलं.

वहीत मी आटे लिहिले होते, टायर लिहिले होते, रंगाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी डोळे मिटले आणि आठवायला लागले. दिवसभर चुका रचल्या, आणि आता एक शब्द चुकू नये म्हणून मला घाम फुटला. "कुंकवाचा नाही," मी म्हटलं. "जास्त गडद. पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. पण कडेला, जिथे पत्रा वळतो ना, तिथे जवळजवळ काळा."

"उन्हात की दिव्याखाली?"

"दिव्याखाली. तळघरात होती."

"मग तो खरा रंग नाही," हे ठामपणे म्हणाले. "दिव्याखाली कुठलाच पेंट पास करत नाहीत. त्या गाइडला विचार, कधी उन्हात बाहेर काढतात का ती गाडी. काढत असतील तर मी पण येतो. तू रंग सांग, मी हात लावून बघीन. आणि इंजिन चालू करतात का, तेही विचार."

मी फोन घेतला, नंबर लावला. पलीकडून "बोलो काकू, काकांनी किती पकडल्या?" असं ऐकू आलं. फोन मी यांच्या हातात दिला, आणि जे विचारायचं होतं ते यांनीच विचारलं.