गिरणीचं बटण

"तुमी व्हता का तिथं?" एवढं विचारून आमच्या गिरणीवाल्या मावशी बटण दाबायच्या. पट्टा फिरायला लागायचा, गिरणी घरघरायची आणि समोरचा माणूस उत्तरासाठी उघडलेलं तोंड तसंच मिटून घ्यायचा. दळणाला आलं की दुसऱ्याच्या वागण्यावर निकाल द्यायचा, ही आपली सगळ्यांचीच खोड. मावशींना ती सोसायची नाही आणि त्यांच्याकडे बटण होतं.

त्या दुपारनंतर तर ते फारच वापरात आलं.

लातूरला आमच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत एक मुलगी राहायची. बिदरकडची, नर्सिंगला शिकणारी, मराठी मोडकंतोडकं. तिच्या मागं लागलेला एक माणूस भर दुपारी चाकू घेऊन आला आणि त्यानं तिला गल्लीतच गाठलं. ती ओरडली, "ब्याड! ब्याड!" कन्नडमध्ये ब्याड म्हणजे नको. गल्लीनं ऐकलं 'ब्याद'. कुणा नवरा-बायकोचं वाजलंय, बायको नवऱ्याला ब्याद म्हणतेय, आपण कशाला मधे पडा, म्हणून कुणी घराबाहेर आलंच नाही.

मावशींचं माहेर उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकातलं. शिवाय वीज गेल्यामुळे गिरणी बंद होती, म्हणून त्यांना ऐकू तरी आलं. हाताला लागला तो डबा उचलून त्या धावल्या आणि सगळं पीठ त्या माणसाच्या डोळ्यांत झोकून दिलं. तो डोळे चोळत असतानाच, तोवर बाहेर आलेल्या बाकीच्यांनी त्याला धरला. मुलीच्या दंडाला टाके पडले, पण जीव वाचला. डबा आमचा होता. त्या दिवशी आमच्याकडे नुसता भात झाला आणि तो फार गोड लागला.

मग निकाल सुरू झाले. "एकटी पोर कशाला शिकायला धाडायची?" "वाचवा म्हणायला काय झालं व्हतं तिला?" समोरचे टेलर मास्तर तर आयतेच सापडले. ते ओट्यावर होते, त्यांना चाकू दिसला होता आणि ते जागचे हलले नव्हते.

"हातात कात्री व्हती की ओ मास्तरांच्या! मी असतो तर..."

"तुमी व्हता का तिथं?" घर्रर्र.

पण बटणानं सगळं थोडंच भागतं! मास्तरांनी दुकान उघडणं सोडलं. मुलीचे वडील तिला कायमची गावी न्यायला आले, सामान बांधून झालं. तेव्हा मावशींनी तिघांनाही गिरणीत बोलावलं. मी दळणासाठी थांबलेलो होतोच.

मुलगी खाली बघत म्हणाली, "सगळे ऐकले. कुणी नाही आले."

"आगं, ब्याड कुणाला कळतंय हितं? ह्येंनी ब्याद ऐकलं!"

मुलगी बघतच राहिली. वडिलांना मावशींनी कन्नडमध्ये सांगितलं, तसे त्यांनी कपाळाला हात लावला.

मास्तर मात्र म्हणाले, "मला कळलं व्हतं, पोरी. चाकू दिसला. पायच उचलंना."

मग मावशी म्हणाल्या, "माझे तरी कुठं उचलत व्हते? डबा लई जड, त्यानंच वढत न्येलं मला."

आधी मुलगी हसली, मग रडली. डोळे पुसून तिनं विचारलं, "मास्तर, कॉलेजचा ड्रेस फाटला. बाही शिवून देता?"

त्या संध्याकाळी मास्तरांचं दुकान उघडलं. वडील एकटेच गावी गेले. पुढच्या आठवड्यात ती मुलगी शिवलेल्या बाहीचा पांढरा ड्रेस घालून कॉलेजला निघाली, तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं मला.

आता ती नर्स झालीय. मावशी लेकीकडे उदगीरला राहतात, गिरणीला कुलूप आहे. परवा मास्तरांच्या ओट्यावर एक जण पेपर वाचत होता. कुठल्याशा गावात भर रस्त्यात कुणाला तरी मारल्याची बातमी होती.

"लोकं नुस्ती बघत राहिली म्हणं! मी असतो तर..."

मास्तरांनी मानही वर केली नाही. "तुमी व्हता का तिथं?" म्हणाले आणि पायानं शिलाई मशीन जोरात चालवायला लागले.