मामांचा पहिला नंबर

ड्रेस्डेनमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेकॉर्डचं एक दुकान आहे. गेली सहा वर्षं मी तिथे पडीक असतो. मालक दाढीवाला, मोजकं बोलणारा, आणि एखाद्या बँडला चार लोक ओळखायला लागले की त्याच्याकडे पाठ फिरवणारा. दर डिसेंबरला तो वर्षातल्या आवडत्या इंडी आणि अल्टरनेटिव्ह अल्बमच्या याद्या भिंतीवर लावतो, त्याही फक्त तीन गिऱ्हाइकांच्या. त्यात माझी यादी असावी, एवढीच माझी इच्छा. हसायचं तर हसा, पण सेमीकंडक्टरच्या कारखान्यातल्या बढतीसाठीही मी इतका झुरलो नव्हतो. पाच वर्षं मी प्रत्येक अल्बमखाली पानभर विवेचन जोडून यादी दिली. पाचही वेळा त्याने ती वाचली, "इंटरेसांट" म्हणाला आणि खणात टाकली. जर्मन माणूस इंटरेसांट म्हणाला की समजायचं, आपला निकाल लागला.

यंदा ऑक्टोबरात सासरे आले, तीन महिन्यांसाठी. त्यांना मी मामा म्हणतो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं त्यांनी गुळाची प्रत ठरवली. ढेप समोर आली की सुरीने कोपरा उडवायचा, जिभेवर ठेवायचा आणि नंबर सांगायचा. एक म्हणजे अव्वल, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे सुमार. त्यांच्या शब्दावर व्यापारी डोळे झाकून बोली लावायचे. बाबांना घरात कोंडून ठेवायचं नाही, अशी बायकोची ताकीद होती, म्हणून एका शनिवारी मी त्यांना दुकानात घेऊन गेलो. घेतला पायावर धोंडा मारून.

गरम दुकान, मऊ खुर्ची, कानाला हेडफोन. मामांना ती जागा इतकी मानवली की सोमवारपासून ते एकटेच जायला लागले. अल्बम ते कधी अख्खा ऐकत नसत. सुरुवातीचं थोडं, मधलं थोडं, शेवटचं थोडं, की झालं. मी म्हटलं, मामा, कलाकृती अशी तुकड्यांत ऐकत नाहीत. त्यावर म्हणाले, अख्खी ढेप खाणाऱ्याला प्रत कळत नाही, नुसती शुगर होते.

मालक नवा माल पुढे ठेवायचा आणि मामा बोटं दाखवायचे. नाइन आणि गेनाऊ, म्हणजे 'नाही' आणि 'बरोबर', या दोन जर्मन शब्दांवर त्या दोघांची गट्टी जमली. माझं काय, मी आता फक्त त्यांचा जावई. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

डिसेंबर उजाडला आणि मालकाने मामांची यादी मागितली. माझी नेहमीप्रमाणे खणात. वर मामांच्या यादीचं जर्मन करून आणायचं काम माझ्याच गळ्यात. मामांनी पाच अल्बम लिहिले होते, प्रत्येकापुढे एक ओळ. पहिल्या नंबरावर एका म्हाताऱ्या बाईचा अल्बम होता, नुसतं अकॉर्डियन आणि तिचा आवाज, मधल्या खोकल्यासकट. पुढे लिहिलं होतं, "हिने काही मिसळलेलं नाही."

माझा लाडका अल्बम म्हणजे लाइपझिगच्या चार पोरांचा. गिटारींचा कल्लोळ आणि मध्ये नऊ मिनिटं वॉशिंग मशीनची घरघर. तो मामांच्या यादीत कुठेच नव्हता. मग मी म्हातारीला काढलं आणि या पोरांना तिच्या जागी बसवलं. ओळ मात्र मामांचीच ठेवली. मामांना कुठे जर्मन वाचता येतंय!

पण मालक यादीखाली त्या त्या अल्बमची कव्हरंही लावतो. हे मी पाच वर्षं बघतोय, तरी ऐन वेळी सुचलं नाही. शनिवारी आम्ही दोघं गेलो तर पहिल्या नंबराखाली वॉशिंग मशीनचं चित्र. मामांनी चष्मा सावरून ते चित्र निरखलं. मालकाने विचारलं, "गेनाऊ?" मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, "गेनाऊ." जावयाची अब्रू राखली त्यांनी.

घराच्या दाराशी पोचलो. किल्ली काढताना मामा म्हणाले, "जावईबापू, सख्ख्या भावाचा गूळ होता, तरी वरचा नंबर दिला नव्हता मी. आठ वर्षं बोलला नाही तो माझ्याशी. आज तुम्ही खोटा नंबर माझ्या तोंडी घातलात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. तरी जीभ वळवळलीच, आणि विचारलं की तो अल्बम तुम्ही ऐकला तरी होता का?

"पहिल्याच आठवड्यात. तीन नंबर. तुमचा आवडता आहे असं पोरगी म्हणाली होती, म्हणून दुकानदारापुढे हात खिशातच ठेवला."

मी तसाच मागे फिरलो. मालकापुढे सगळं कबूल केलं, पोरांचं नाव खोडलं आणि म्हातारीचं लिहिलं. त्याने कव्हर बदललं. मग वॉशिंग मशीनचं कव्हर हातात धरून विचारलं, की याला त्यांनी कोणता नंबर दिला? दुकानात मामा नव्हते. दोन म्हणालो असतो तरी खपलं असतं.

मी तीन बोटं वर केली.

"गेनाऊ," मालक म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.