झाकणाखालचा गर

तिसऱ्या दुकानातून बाहेर पडलो तेव्हा माइकेनबाईंनी हातमोजे चढवले, लोकरीची टोपी कानांवर ओढली आणि नदीच्या बाजूनं चालायला लागल्या. मी मागे. रस्त्यावर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल, आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, माझं अठ्ठावन्न, आणि दम लागलेला मला.

“ट्रामनं जाऊ या की,” मी म्हटलं.

“ट्राममध्ये बसलं की माणूस थंड होतो. मला आज थंड व्हायचं नाही.”

या बाईनं उभ्या जन्मात आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे आरडाओरडाच.

आम्ही दोघींनी गोथेनबर्गमधल्या एका टेकडीवरच्या बेकरीत सतरा वर्षं एकत्र काढली. त्या आत भट्टीपाशी, मी बाहेर काउंटरवर. मला इथली भाषा धड येत नव्हती तेव्हा गिऱ्हाइकाला काय म्हणायचं ते त्यांनीच शिकवलं, पीठ मळता मळता. इथे लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. मला ते जमलं नाही; इतरांचं बोलणं सांगतानाही माझ्या तोंडी बहुतेकदा अहोजाहोच येतं. मी त्यांना पहिल्या दिवसापासून माइकेनबाईच म्हणते, आणि आता त्यांची मुलगीही मला चिडवायला तसंच म्हणते.

दरवर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही दोघी शहरातल्या बेकऱ्या पायी फिरतो. इथल्या जुन्या लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास असायचा. तो सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी पोटभर खाऊन घ्यायचं म्हणून एक पाव करत, त्याला सेमला म्हणतात. उपवास आता कोणी धरत नाही, पाव मात्र सगळं गाव खातं. मंगळवारच्या आधीच्या शनिवारी आम्ही इतरांचे पाव खाऊन बघतो. माइकेनबाई कागदावर काही लिहीत नाहीत, गुण देत नाहीत. “बरा आहे” म्हणाल्या की समजायचं, त्या बेकरीवाल्यानं आज देवासारखं काम केलंय.

यंदा मात्र इतरांकडे जायचंच नव्हतं. यंदा एकाच कंपनीची पाच दुकानं बघायची होती. आणि त्या पाचही दुकानांत माइकेनबाई भिंतीवर होत्या.

सेमला करण्यात एक मेख आहे. वेलचीचा गोल पाव भाजायचा, गार झाला की वरची चकती झाकणासारखी कापायची. मग आतला गर चमच्यानं काढायचा, तो बदामाच्या गोड वाटणात आणि घोटभर दुधात कालवायचा, आणि त्याच पावात परत भरायचा. वर फेटलेली साय, त्यावर झाकण, त्यावर पिठीसाखर. गर काढून परत भरायला वेळ लागतो. हजार पाव असले तर हजार वेळा. माइकेनबाईंनी ते अठ्ठेचाळीस वर्षं केलं. वेलचीसुद्धा त्याच पहाटे पितळी खलबत्त्यात कुटायची, आदल्या दिवशीची चालायची नाही. एकदा मालकानं कुटलेल्या वेलचीचा डबा आणून ठेवला. बाईंनी त्या डब्यात सुया-दोरे ठेवले.

माइकेनबाई कोळ्याची मुलगी. उत्तरेकडच्या एका बेटावरून सोळाव्या वर्षी शहरात आल्या, बेकरीत पाव भाजायचे परातीएवढे पत्रे घासायला लागल्या आणि तिथूनच वर चढल्या. नवरा रूने ट्राम चालवायचा. सुट्टीच्या दिवशी तो बेकरीत यायचा आणि फोटो काढायचा. त्यानं काढलेला एक फोटो फार सुंदर आहे: पांढरी टोपी, कमरेवर खलबत्ता, बाई हसताहेत आणि हसताना पकडल्या गेल्या म्हणून जरा रागावल्याही आहेत. रूने गेल्यावर तो फोटो त्यांच्या कपाटावर असायचा.

आमची बेकरी दोन वर्षांपूर्वी या कंपनीला विकली गेली. गेल्या शरदात नवा व्यवस्थापक फाबियान त्यांच्या घरी आला. कॉफी प्याला, चार प्रकारची बिस्किटं खाल्ली, कपाटाकडे बोट दाखवून म्हणाला, “हा फोटो दुकानात लावू? आणि पावाला तुमचं नाव देऊ?”

माइकेनबाई म्हणाल्या, “छे, त्यात काय एवढं. फोटो काय, न्या. भिंत तुमची आहे.”

इथे कोणी मान देऊ केला की आधी स्वतःला लहान करायचं असतं. मग समोरच्यानं पुन्हा विचारायचं, खरंच चालेल ना म्हणून. त्यानंतर खरी बोलणी. माइकेनबाई त्याच्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होत्या. तेव्हा त्या सांगणार होत्या की फोटो आत लावा, पिठाच्या पोत्यांपाशी, जिथे बाकीच्या जुन्या कामगारांचे आहेत. आणि नाव नको, कारण आता पाव मी करत नाही. फाबियान याच गावात वाढलेला. त्याला हे कळत नव्हतं असं मी मानणार नाही. त्यानं दुसऱ्यांदा विचारलंच नाही. फोटो काखेत मारला आणि गेला.

जानेवारीत इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत शेजारीण म्हणाली, “माइकेन, तुझी सेमला खाल्ली गं!” तेव्हा बाईंना कळलं.

पहिल्या दुकानात फोटो दारासमोर, माणसाच्या उंचीचा. खाली मोठ्या अक्षरांत: माइकेनची सेमला, १९६६ पासून, हातानं. दुसऱ्यात तसाच. तिसऱ्यात तसाच. प्रत्येक ठिकाणी माइकेनबाईंनी यंत्रातून नंबराची चिठ्ठी घेतली, आपला नंबर येईपर्यंत थांबल्या, एक पाव घेतला, कोपऱ्यात बसल्या आणि झाकण उचललं. गर जागच्या जागी. त्यावर वाटणाची एक रेघ, ब्रशवर पेस्ट काढावी तशी. त्यांनी झाकण बशीत उलटं ठेवलं, काउंटरवरच्या पोरीला “धन्यवाद” म्हणाल्या, निघाल्या. तीन वेळा.

“त्या पोरीला विचारायला हवं होतं,” मी चालता चालता म्हटलं.

“काय विचारू? ती पीठ तरी बघते का? तिला खोकी येतात. गोठलेले पाव येतात. ती साय मारते आणि झाकण ठेवते.”

“मग वरच्यांना विचारा.”

“वरचे कोण?”

“मला काय माहीत! पण तुमच्या जागी मी असते तर पहिल्या दुकानातच तो फोटो फाडला असता.”

“तू फाडला असतास,” त्या म्हणाल्या, “आणि मग रात्रभर झोपली नसतीस. तुझ्या देवापुढे दिवा लावून बसली असतीस.”

“दिवा मी रोजच लावते. त्याचा याच्याशी काय संबंध?”

“आहे. तुझा देव ऐकतो. माझा लुथेरन चर्चमधला आहे, तो म्हणतो नीट रांगेत उभी राहा.”

त्या हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही. माझ्या मनात एकच चाललं होतं. आमच्या घरी देवाला नैवेद्य दाखवताना ताटावरचं झाकण काढतात. आत काय आहे ते उघडं करून पुढे ठेवतात, मगच हात जोडतात. आणि ही माणसं झाकण ठेवतात, आणि वर भिंतीवर दुसऱ्याच्या बायकोचा चेहरा लावतात. मेलेल्या नवऱ्यानं काढलेला.

चौथं दुकान हागा नावाच्या जुन्या वस्तीत, दगडी गल्लीत. आत गर्दी. नंबर एकोणतीस, चालू होता बावीस. आम्ही भिंतीला टेकून उभ्या. माइकेनबाईंनी टोपी काढली आणि तिथेच घात झाला. पुढच्या टेबलावरचा एक सत्तरीचा माणूस बायकोला कोपरानं ढोसून म्हणाला, “अगं, ही बघ! भिंतीवरची!”

तो उठून आलाच. मिशीला साय लागलेली. “तुम्हीच ना? आमची आई टेकडीवरून तुमचे पाव आणायची. दर मंगळवारी सहा. आज इतक्या वर्षांनी खातोय आणि अगदी तीच चव!”

“धन्यवाद,” माइकेनबाई म्हणाल्या.

“अगदी तीच!” तो बायकोकडे वळून म्हणाला. “मी सांगितलं नव्हतं तुला?”

बायको म्हणाली, “मला जरा कोरडा वाटला. पण मी कुठे टेकडीवरची!”

माइकेनबाईंचा चेहरा कानांपासून लाल होत गेला. चिठ्ठी त्यांनी खिशात कोंबली आणि नंबर यायच्या आतच बाहेर पडल्या. इतक्या वर्षांत रांग सोडताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर पुलाच्या कठड्याशी त्या थांबल्या.

“मी त्याला धन्यवाद म्हणाले. ऐकलंस ना?”

“तोंडातून निघून जातं. सवयीनं.”

“सवयीनं नाही. तो म्हणाला तीच चव, आणि मी म्हणाले धन्यवाद. आतापर्यंत खोटं ते बोलत होते, शालन. आता मीही बोलले.” त्यांनी नाक पुसलं. “त्याच्या आईचे सहा पाव मी केले होते. प्रत्येकाचा गर मी काढलाय. त्याला आता वाटेल, ते असेच होते. तोंडात बोळा होईल असे. येत्या मंगळवारी सगळ्या गावाला वाटेल.”

एखाद्याची वस्तू चोरली तर ती परत देता येते. ज्या बाईनं आयुष्यात एकच गोष्ट केली आणि ती मनापासून केली, तिच्या त्या गोष्टीची चवच लोकांच्या जिभेवरून पुसून टाकायची, आणि वर तिच्याच नावानं! याला कुठल्या भाषेत काय म्हणतात ते मला माहीत नाही. पाप म्हणतात एवढं माहीत आहे.

“चला,” त्या म्हणाल्या. “टेकडीवर.”

टेकडी चढताना त्या एकदाही थांबल्या नाहीत.

आमच्या बेकरीच्या जागी आता नुसतं दुकान आहे. जिथे भट्टी होती तिथे मऊ सोफे, त्यावर लॅपटॉप घेतलेली मुलं. काउंटरच्या वर, खिळ्याला, मूळचा फोटो. मोठा केलेला नाही. रूनेनं स्वतः केलेल्या लाकडी चौकटीतला, कपाटावरचाच.

फाबियान तिथेच होता. गळ्यात मफलर, दोन्ही हात पसरून पुढे आला.

“माइकेन! बघा कोण आलंय! मंगळवारी तुम्ही इथेच उभ्या राहा ना, लोकांना किती आनंद होईल!”

माइकेनबाईंनी यंत्रातून चिठ्ठी घेतली.

“अहो, तुम्हाला कशाला नंबर? काय हवं ते सांगा.”

“माझ्यापुढे सहाजण आहेत,” त्या म्हणाल्या.

मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, “फाबियान, या पावाचा गर कोण काढतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणी काढत नाही. मग ‘हातानं’ काय? झाकण ठेवता ते?”

तो हसला. माझ्याकडे बघून हसला, लहान मुलाकडे बघून हसावं तसं. “हे बघा, लोक खूश आहेत. शंभरात एकही माणूस झाकण उचलून आत बघत नाही. आणि सगळं माइकेनला विचारूनच केलंय. त्या स्वतः म्हणाल्या, भिंत तुमची आहे. हो ना, माइकेन?”

“म्हणाले,” माइकेनबाई म्हणाल्या.

“बघा!” तो मला म्हणाला.

सहाजण झाले. पाटीवर एक्याऐंशी लागला. माइकेनबाईंनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली. पोरगी गोड होती. तिनं विचारलं, “काय देऊ?”

“ते,” माइकेनबाईंनी वर बोट केलं.

“ते... ते विकायला नाही.”

“मी विकत मागत नाही गं. माझ्या नवऱ्यानं काढलंय. माझ्या कपाटावरून आलंय. न्यायला आलेय.”

पोरीनं फाबियानकडे पाहिलं. फाबियाननं आवाज खाली आणला. “माइकेन, आत्ता नको. दुकान भरलंय. मंगळवार होऊन जाऊ दे, मग निवांत बसून बोलू.”

“मंगळवार झाल्यावर बोलायला काय उरतं?” त्यांनी मान वळवून सोफ्यांकडे पाहिलं. सगळे लॅपटॉपमधून वर बघत होते. इथल्या माणसाला चारचौघांनी आपल्याकडे बघण्याइतकी दुसरी शिक्षा नाही, आणि त्या तर कोळ्यांच्या बेटावरच्या, त्याहून लाजऱ्या. पण आवाज जेमतेम का होईना, निघाला. “हा पाव मी केलेला नाही. मी असा करत नाही. गर काढायचा असतो.”

कुणाच्या तरी बशीत चमचा वाजला. सोफ्यावरच्या एका मुलीनं हळूच आपल्या पावाचं झाकण उचललं.

“माइकेन, भिंत...” फाबियान म्हणाला.

“भिंत तुमचीच आहे. भिंत ठेवा.”

त्यांनी शेजारच्या टेबलाची एक खुर्ची ओढली आणि काउंटरच्या आत, फोटोच्या खाली लावली. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढून भिंतीशी जोडीनं ठेवले, खुर्ची घाण होऊ नये म्हणून. पायांत राखाडी लोकरीचे मोजे, एका अंगठ्याला रफू. फाबियान एक पाऊल पुढे आला.

माइकेनबाईंनी एक गुडघा खुर्चीवर टेकला आणि माझ्याकडे वळल्या.

“शालन, खुर्ची घट्ट धर. आणि मी खाली उतरेपर्यंत मला कुणाला धन्यवाद म्हणू देऊ नकोस.”