मनातल्या मनात कबड्डी

खेळाडूचं मन घट्ट करायचं शास्त्र शिकून आलेला माणूस मी जन्मात एकच जवळून पाहिला, आणि तेवढा मला पुरला. आमचे कबड्डीचे सर. सत्तरच्या दशकात मी सांगलीला कॉलेजात होते आणि मुलींच्या संघात चढाईला पहिली मीच जायची. सर कुठलंसं शिबिर करून आले ते नवे बूट आणि नवं बोलणं घेऊनच. म्हणाले, "शरीर खेळत नाही, मन खेळतं." अहो, मग गुडघे आमचेच का फुटायचे?

सामने तोंडावर आले होते. शेवटचा सामना साताऱ्याला, आणि तो बघूनच राज्याचा संघ निवडणार होते. बाकीच्या पोरींना ती हौस होती, मला नव्हती. माझे वडील, आबा, कुंडलचे, फौजेतनं हवालदार होऊन घरी आलेले. त्यांनी मला समोर उभं करून सांगितलं होतं, "राज्याच्या संघात नाव आलं तर खेळ, शीक, मी आडवा येत न्हाई. न्हाई आलं तर मेढ्याच्या पावण्यांना हो म्हणायचं. मागनं रडायचं न्हाई." पाहुणे पोहे खाऊन, मला बघून गेलेच होते. मुलगा काही वाईट नव्हता. पण मला मुलगा नको होता, मैदान पाहिजे होतं.

आणि नेमकं अशा वेळी या मास्तरानं आमचं पळणं बंद केलं! रोज संध्याकाळी हॉलमध्ये गोणपाटावर मांडी घालून बसायचं. डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा आणि मनासमोर चित्र आणायचं, की आपण चढाईला गेलो, गडी मारले, लोक टाळ्या वाजवतायत. मग मनातल्या मनात घोकायचं, 'मीच जिंकणार, मीच जिंकणार.' चकार आवाज काढायचा नाही. नुसते ओठ हलले तरी सर खेकसायचे, "मनात! मनात म्हण!" जतकडची एक पोरगी बसल्या जागी चक्क घोरायची. सर तिच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "बघा, किती खोल गेलीय ती." मला तर डोळे मिटले की भाकरी आणि खरडाच दिसायचा.

शेवटी न राहवून मी बोलले, "सर, चढाईत 'कबड्डी कबड्डी' मोठ्यानं म्हणायचं असतं. आवाज थांबला की दम गेला, गडी बाद. आणि तुम्ही आम्हाला गप राहायची सवय लावताय." शेंबडं पोरसुद्धा सांगेल असली गोष्ट. सर हसले. काय तो शहाणपणा ओठांवर! म्हणाले, "तुझ्या मनात खोट आहे. अशा मुलीला संघात ठेवावं का, याचा विचार करावा लागेल." संघातनं काढलं असतं तर आबांचा शब्दही तिथंच संपला असता. मी गोणपाटावर जाऊन डोळे मिटले.

साताऱ्याच्या मैदानावर आबा पहिल्या रांगेत बसले होते, फेटा बांधून, ताठ. सामना शेवटाला आला, आम्ही एका गुणानं मागं. चढाई माझी. समोर तिघीच उरल्या होत्या. मी दम घालत आत शिरले, कोपऱ्यातलीला पायानं शिवले, दुसरीच्या खांद्याला हात लागला. दोन गडी! नुसतं परत यायचं होतं. तेवढ्यात तिसरीनं माझी कंबर धरली. मी तिला ओढत मध्यरेषेकडं निघाले.

आणि कडेला उभे असलेले आमचे मनाचे मास्तर! जगाला शांत राहायला शिकवणारा हा गडी हातातला रुमाल दातात धरून थयथय नाचत होता. रुमाल काढून जिवाच्या आकांतानं ओरडला, "मनात! मनात म्हण! मीच जिंकणार!"

रोज रोज तो आवाज ऐकला की तोंड मिटायची सवय लागलेली. तोंड मिटलं. छातीत दम शिल्लक होता, हात रेषेपासून वीतभर राहिला होता, आणि मी मनातल्या मनात जिंकत होते. पंचाची शिट्टी वाजली. दम गेला, मी बाद.

सामना गेला. सर घाम पुसत आबांकडं गेले आणि मला ऐकू येईल असं म्हणाले, "खेळ चांगला आहे हो तिचा, पण मनानं कच्ची आहे." लाज कशी ती नाहीच! राज्याच्या संघाची नावं वाचून होईपर्यंत आबा उभे राहिले. माझं नाव नव्हतं. "चल," एवढंच म्हणाले. येष्टीत मी रडले नाही, कारण रडायचं नाही असंही ठरलेलंच होतं.

पुढच्या सुगीनंतर लग्न झालं. आणि लग्नाला सर आले! कुणी बोलावलं होतं देव जाणे. जिलेबीवर आडवा हात मारून, ढेकर देत माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मुंडावळ्या बांधून मी खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "आता डोळे मीट, लांब श्वास घे आणि सुखी संसाराचं चित्र मनासमोर आण."

श्वास तेवढा मी घेतला. डोळे उघडे ठेवून, त्यांच्या तोंडाकडं बघत, खणखणीत आवाजात सुरू केलं, "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..."

आत्यानं दंडाला चिमटा काढला, नवरा वळून बघायला लागला. सर हसायला गेले, ते जमेना, मग पायात चपला सरकवून निघाले. ते मांडवाच्या बाहेर पडून रस्त्याला लागले तरी माझा दम सुटला नव्हता.