विहीर नसलेला नकाशा

आमच्या भूगोलाच्या पुस्तकात अमेरिकेला दोन पानं होती आणि वऱ्हाडाला दोन ओळी. त्या दोन ओळींत जमीन काळी असून कापूस होतो, इतकंच लिहिलं होतं. अमरावतीच्या इंग्रजी शाळेच्या शेवटच्या इयत्तेत आम्ही सात जण होतो. सातही जणांना अमेरिकेच्या नद्या पाठ होत्या आणि पूर्णा कुठून निघते हे एकालाही नीट सांगता येत नव्हतं. याची लाज मला वाटत होती, मास्तरांना वाटत नसावी असा माझा समज होता.

मग त्या वर्षी माघात मास्तर वर्गात आले आणि म्हणाले की यंदा भूगोलाच्या परीक्षेला प्रत्येकानं आपल्या गावच्या शिवाराचा नकाशा स्वतः पावलांनी मोजून, काढून आणायचा. त्यात वाटा, नाले, विहिरी, कोणत्या वावरात काय उभं आहे हे सगळं हवं. कोणत्या महिन्यात मोजलं, तेही खाली लिहायचं. अकोल्याला शाळा तपासणारे डिपुटीसाहेब परीक्षा घेतील तेव्हा तो समोर ठेवून प्रश्न विचारतील.

बाकीचे खूष झाले. घोकायचं टळलं. मला मात्र पहिल्या क्षणापासून यात काळंबेरं दिसलं. मी जत्रेत मिळणाऱ्या, कटकारस्थानांच्या पातळ छापील चोपड्यांवर वाढलेला मुलगा. त्या चोपड्यांनी मला एवढं शिकवलं होतं की हुकूम आला की आधी विचारावं, याचा फायदा कोणाला? अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या कापसाला सोन्याची किंमत आली होती. जिकडे पाहावं तिकडे गठ्ठ्यांच्या गाड्या. त्याच वर्षी जमीन मोजणारे साखळीवाले तालुक्यात फिरत होते. ज्या मुलखाला काल दोन ओळी पुरत होत्या, त्याच्या विहिरींची आज एवढी चौकशी कशाला?

शाळेच्या ओसरीवर मी हे सगळ्यांपुढं मांडलं. म्हटलं, साखळीवाल्यांना जे गावकरी सांगत नाहीत ते आपल्या हातून काढून घ्यायचा हा डाव आहे. आपण सातही जणांनी विहिरी गाळायच्या. नांदगाव खंडेश्वराकडचा एक पाटलाचा मुलगा होता, तो पोट धरून हसला. "माह्या बापानं साखळीवाल्याइले दोन दिवस जेवाले घातलं, सारं शिवार हिंडून दाखवलं. आता मी काय लपवू, जेवन?" बाकीचेही हसले. मी एकटा पडलो, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे माझा संशय आणखी पक्का झाला.

माझं घर चांदूर बाजाराजवळच्या एका खेड्यात. आम्ही माळी. सगळं गाव पऱ्हाटीमागे, म्हणजे कापसामागे लागलं तेव्हाही माझ्या बापानं वांगी, मिरची, कोथिंबीर सोडली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं वावराच्या कोपऱ्यात विहीर खणली होती. ओलिताच्या जमिनीवर सारा जास्त बसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून साखळीवाले जवळच्या गावी आल्याचं कळताच बापानं मोट उतरवून ठेवली, वाफ्यांना रात्री घागरीनं पाणी घालू लागला आणि विहिरीच्या तोंडाभोवती वाळक्या पऱ्हाट्यांचा एवढा ढीग रचला की पाहणाऱ्याला जळणाची रास वाटावी.

फाल्गुनात मी सुट्टी घेऊन घरी गेलो आणि बांधावरून पावलं मोजत चालू लागलो. शंभर पावलं झाली की कागदावर रेघ. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी काकू धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, उभी राहिली आणि मी कोणासाठी मोजतोय ते विचारू लागली. परीक्षेसाठी, म्हटलं. तिनं मान हलवली. "तिकडच्या गावी साखळीवालेही आधी असंच गोड बोलून राहिले होते. बाप वांगे पिकवून राहिला अन् लेक बापालेच मोजून राहिला." त्या दिवसापासून शेजारच्या दोन घरांनी आपल्या वावरात मला पाऊल टाकू दिलं नाही. मी मास्तरांवर संशय घेत होतो आणि गाव माझ्यावर. मास्तरांना आत काय वाटत असेल, हा विचार मात्र तेव्हा मला शिवला नाही.

बापानं मला काही मनाई केली नाही. इतकंच म्हणाला, तुझी परीक्षा आहे, तुला काय काढायचं ते काढ. पास झालो तर तालुक्याच्या शाळेत मला मास्तरकी मिळणार होती. आमच्या घरात तोवर कुणी लिहिण्यावर पोट भरलं नव्हतं. बापानं ते म्हणताना ढिगाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी विहीर काढली नाही.

अकोल्याला आम्ही बैलगाडीनं तीन मुक्काम करत गेलो. परीक्षा मोर्णा नदीकाठच्या एका इमारतीत होती. डिपुटीसाहेब आमच्यातलेच, मराठी बोलणारे, बारीक आवाजाचे. त्यांनी अमेरिकेतलं कापसाचं बंदर विचारलं, मी सांगितलं. नदी विचारली, सांगितली. मग माझा नकाशा उलगडून त्यांनी त्यावर बोट फिरवलं. नाला कोरडा दाखवलाय, बरोबर आहे, म्हणाले. महिना फाल्गुन. मग बोट आमच्या वावरावर थांबलं.

"इथं वांगी उभी आहेत. कशाच्या पाण्यावर?"

विहीर गाळली होती, पण वांगी तिथं डोळ्यांसमोर हिरवीगार उभी होती आणि ती मी इमानेइतबारे काढली होती. नाल्याला पाणी असतं असं म्हणून सुटता आलं असतं, पण कोरडा नालाही माझ्याच हातचा होता.

"हा नकाशा पुढं कुठं जाणार?" मी विचारलं.

मास्तर बाजूला बसले होते, ते चुळबुळले. डिपुटीसाहेब रागावले नाहीत. टाक माझ्याकडे सरकवून म्हणाले की पाणी कुठून येतं तेवढं इथं लिही, भूगोल पुरा झाला. मी टाक परत त्यांच्याकडे सरकवला. मग म्हटलं, "ते मी लिहिणार नाही. नकाशा परत द्या."

त्यांनी खांदे उडवले, नकाशा परत दिला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी भूगोलात नापास झालो. बाकीचे सहा पास झाले. त्यांचे नकाशे तिथंच राहिले.

परतीच्या वाटेवर मास्तर आमच्या गाडीत येऊन बसले. गाडी गावाबाहेर पडू दिली. मग म्हणाले, तू मला एकदा येऊन विचारायचं होतंस. मी म्हटलं, विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं का? तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मला वरून चिठ्ठी आली, मी तुम्हांला सांगितलं. नकाशे कुठं जातात ते मलाही माहीत नाही. मी विचारलंही नाही." त्यांची नोकरी माझ्या वयाइतकी जुनी होती. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही, आणि येत नाही याचाच राग आला.

घरी बापाला मी सगळं सांगितलं. मास्तरकी गेली, हेही. तो वाफ्यातलं तण काढत होता. वाटलं, आता पाठीवरून हात फिरवील. त्यानं नकाशा हातात घेतला, उलटा धरला, मी सुलटा करून दिला. मग वांग्यांच्या हिरव्या ठिपक्यांवर मातीचं बोट ठेवून म्हणाला, "इहीर लपवली, मंग वांगे काहून काढले?"

मी म्हणालो, वांगी खरंच होती ना.

"मंग इहीर नव्हती का?" असं म्हणून तो पुन्हा तणाकडे वळला.

पुढच्या वर्षी मी परत बसलो. तेव्हा नकाशे मागितले नाहीत. युरोपच्या नद्या विचारल्या, मी न अडखळता सांगितल्या. त्यांच्या काठी माझ्या बापाचं वावर नव्हतं. त्या सहा नकाशांचं काय झालं हे मी शाळेत, कचेरीत, भेटेल त्याला विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. आता मी स्वतः मुलांना भूगोल शिकवतो आणि वरून चिठ्ठी आली की ती वर्गात वाचण्याआधी दोन दिवस खिशात ठेवतो.