बुधवारचं अकराचं प्रसारण

माझं इंटरनेट रेडिओ स्टेशन नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत आहे. एक जुना कॉम्प्युटर, एक माइक, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेल्या दोन गोधड्या आणि घरचंच ब्रॉडबँड. आम्ही मूळचे विणकर. वडिलांनंतर माग राहिला नाही, मी हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो. म्हाताऱ्या विणकरांच्या गप्पा, बायका कांड्यांवर सूत भरताना म्हणायच्या ती गाणी, असं रेकॉर्ड करून मी दिवसभर लावून ठेवतो. दर बुधवारी माझी साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी अकरा वाजता मी स्वतः लाइव्ह बोलत असे. दोन वर्षांत एकही बुधवार चुकला नव्हता आणि हे मी ज्याला त्याला सांगत असे.

त्या क्षणी किती जण ऐकतात, ते पडद्यावर दिसतं. बहुतेक वेळा तीन, कधी पाच.

"तीन जणांसाठी एवढं ओरडून राहिले," बायको म्हणायची, "त्यापेक्षा चौकात उभं राहून बोला न. चार जण तरी थांबतीन."

मी हसायचो. पण मध्येच आवाज तुटला की मला खरोखर त्रास व्हायचा. आमच्या गल्लीत नेटची लाइन बरी आहे, पण घरातून बाहेर पाठवायला, म्हणजे अपलोडला, ती फार अपुरी पडते. म्हणून मी एके दिवशी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. रेडिओचा कॉम्प्युटर सोडून घरातल्या बाकी सगळ्या फोन आणि लॅपटॉपच्या अपलोडवर मर्यादा घातली. आकडा अंदाजाने टाकला, फारच लहान. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. सिनेमे चालत होते, बायकोच्या मालिका चालत होत्या. पाहण्या-ऐकण्यात कोणाचं काही अडलं नाही. या घरातून बाहेर बोलायची सोय मात्र फक्त माझ्याकडे राहिली होती.

तीन महिन्यांनी मुलीला पुण्याच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू आला. शेवटची फेरी, पहिल्यांदाच व्हिडिओवर, बुधवारी अकरा वाजता.

"बाबा, तेवढा एक तास तुमचा रेडिओ बंद ठेवजा," ती म्हणाली.

"ठेवतो न," मी म्हणालो.

मी ठेवला नाही. रेडिओला लागतंच किती, असा विचार केला. दार लावून, हळू आवाजात बोलेन, तिला कळणारही नाही. घातलेली मर्यादा तर मी पार विसरलो होतो.

अकरा वीसला एक गाणं लावून मी हेडफोन काढला. शेजारच्या खोलीतून तिचा आवाज आला. "सर, आवाज येतोय का? सर, मी परत बोलू का?" थोडं थांबून पुन्हा तेच. तिला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. त्यांना तिचं काही ऐकू जात नव्हतं.

तेव्हा मला आठवलं. मी राउटरचं पान उघडलं. तो आकडा तिथेच होता. तो काढला की राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होणार, दोन मिनिटं लागणार. तिचा कॉल तुटेल, असं मी स्वतःला सांगितलं. माझं प्रसारणही तुटणार होतं, हे मी स्वतःला सांगितलं नाही. मी पान बंद केलं. गाणं संपल्यावर माइक सुरू करून पुढचं बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

तिची निवड झाली नाही. बायकोने कनेक्शनवाल्याला बोलावून घेतलं.

"काहून गा, पोरीचं नुकसान झालं न तुझ्या लाइनीपायी!"

तो बिचारा गच्चीपर्यंत वायर तपासून आला. "काकू, लाइन तर ओके आहे. शप्पथ."

मी त्याला पाणी दिलं. मर्यादा मी आदल्या रात्रीच काढून टाकली होती.

पुढे मीच शब्द टाकून हिंगण्यातच दुसऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात तिला लावलं. नातेवाइकांनी माझं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं. लाज वाटायला हवी होती. काहीच वाटत नव्हतं, जेवणखाण, ड्युटी सगळं नीट चालू होतं.

गेल्या महिन्यात सकाळी मुलगी आणि मी आपापल्या कंपनीच्या बसची वाट पाहत उभे होतो. माझ्याबरोबरचा एक जण तिला म्हणाला, "नशीबवान आहेस वं, बाप असा पायजे."

"हो न," ती म्हणाली.

तो पानठेल्याकडे गेला आणि मी तिला सगळं सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

ती रस्त्याकडे पाहत होती. "तेव्हा किती जण ऐकत होते?"

"दोन."

"एक तर तुम्हीच."

"हो. माझा फोन. आवाज तपासायला लागतो."

"अन दुसरा?"

"स्वयंपाकघरातला जुना मोबाइल. तुझी आई काम करता करता ऐकते न."

"आई त्या दिवशी घराच्या दाराबाहेर बसून होती, बाबा. कोणी बेल वाजवू नये म्हणून."

तिची बस आली. ती चढली. खिडकीपाशी बसली, पण नेहमीसारखा हात केला नाही.

संध्याकाळी तिने राउटरचा पासवर्ड मागितला. मी कागदावर लिहून दिला. तिने तो बदलला.

"रेडिओपुरतं नेट ठेवलं आहे," ती म्हणाली. "बंद नका करू. पण यापुढे आकडे मी टाकीन."

"बरं," मी म्हणालो.

बायकोला तिने सांगितलं नाही. मीही सांगितलेलं नाही. रेकॉर्डिंग चालू असतात. बुधवारी मी लाइव्ह बोलायला बसतो तेव्हा आधी तिच्या खोलीकडे पाहतो. दार लावलेलं असलं, तर तिचा पुन्हा कुठे इंटरव्ह्यू असेल असं समजून मी माइकला हात लावायचा नाही, असं ठरवलं आहे. पण बुधवारी ती कामावर असते. बाकी दिवशी घरी असते तेव्हाही तिचं दार उघडंच असतं.